पॅकिंगचे टेबल कोपराच्या मापाने : छोट्या खाद्य कारखान्यांसाठी मार्गदर्शन

ठाण्यातील वागळे इस्टेटपासून ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यापर्यंत ठिकठिकाणच्या गाळ्यांमध्ये मसाले, चिवडा, फरसाण, लोणची आणि लाडू तयार होतात. भाजणे, दळणे आणि तळणे या कामांसाठी यंत्रे आली आहेत; पाकिटे भरणे, वजन करणे, तोंड सील करणे आणि खोक्यात रचणे ही कामे मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी हातांनीच होतात आणि ती करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात. त्यांची मान, खांदे, मनगटे आणि कंबर दुखते तेव्हा त्याचे खापर वयावर, घरकामावर किंवा हवेवर फोडले जाते. प्रत्यक्षात त्या दुखण्याचा मोठा भाग टेबलाची उंची, काट्याची जागा आणि सीलरच्या दांड्यापर्यंत हात नेण्याचे अंतर यांतून येतो, आणि या तिन्ही गोष्टी मोजपट्टी व खडू हाती घेऊन बदलता येतात. हे मार्गदर्शन गाळ्याचे मालक, सुपरवायझर आणि बचत गटाच्या प्रमुख यांच्यासाठी आहे. त्यात नवे यंत्र घेण्याचा सल्ला अगदी थोड्या ठिकाणी येईल.

आधी पाहा, मग विचारा

कोणताही बदल करण्यापूर्वी चालू असलेले काम शांतपणे पाहणे आवश्यक आहे. एका कामगाराचे दहा मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर बाजूने करावे, समोरून करू नये, कारण पाठीचा वाक, मानेची झुकण आणि कोपराची उंची बाजूनेच नीट दिसते. चित्रीकरण कशासाठी आहे हे आधी सांगून परवानगी घ्यावी आणि वेग तपासण्यासाठी त्याचा वापर होणार नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नाहीतर प्रत्येक जण त्या दहा मिनिटांत नेहमीपेक्षा वेगाने काम करील आणि खरे काम दिसणारच नाही. नंतर ते पाहताना एक पाकीट पूर्ण व्हायला किती सेकंद लागतात ते मोजावे. एकाच हालचालींचा फेरा ३० सेकंदांपेक्षा कमी वेळात पुनःपुन्हा होत असेल, तर ते काम अतिपुनरावृत्तीचे मानले जाते. हाताने पाकिटे भरण्याचे काम जवळपास नेहमीच या मर्यादेत येते. मिनिटाला चार पाकिटे धरली आणि प्रत्यक्ष काम सात तासांचे धरले, तर दिवसाला १,६८० पाकिटे होतात, म्हणजे सीलरचा दांडा १,६८० वेळा दाबला जातो. प्रत्येक वेळी लागणारा जोर नगण्य वाटला, तरी मनगटाच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) दृष्टीने त्याची बेरीज नगण्य राहत नाही.

यानंतर प्रत्येक कामगाराशी स्वतंत्रपणे बोलावे. मान, खांदे, कोपर, मनगट व हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, मांड्या, गुडघे, घोटे व पाऊल या नऊ भागांपैकी कोणता भाग गेल्या सात दिवसांत दुखला, आणि गेल्या वर्षभरात त्या दुखण्यामुळे रोजची कामे अडली का, एवढेच विचारावे. शरीराची साधी आकृती कागदावर काढून तिच्यावर खूण करायला सांगितली, तर लिहिण्यावाचण्याची अडचण येत नाही. ही विचारणा शक्यतो रोजचे काम वाटून देणाऱ्या व्यक्तीने करू नये. काम जाईल या भीतीने दुखणे लपवले जाते, आणि सुपरवायझरला "काही नाही, बरं आहे" असे सांगणाऱ्या मावशी शेजारच्या ताईला मात्र रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते हे सांगत असतात.

टेबलाची उंची आणि हाताची उंची

अर्गोनॉमिक्सची, म्हणजे काम आणि कामाची जागा शरीराला जुळवण्याच्या शास्त्राची, पुस्तके सांगतात की उभ्याने करायच्या हलक्या कामासाठी हात कोपराच्या पातळीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली असावेत, जोर लावायच्या कामासाठी १५ ते २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही खाली असावेत, आणि बारीक नजरेच्या कामासाठी कोपरापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर वर असावेत. हा नियम अनेकांना ठाऊक असतो, पण तो लागू करताना एक चूक जवळपास सर्वत्र होते : माप टेबलाच्या पृष्ठभागाचे घेतले जाते. हात मात्र टेबलावर काम करत नाहीत. ते पाकिटाच्या तोंडाशी, काट्यावर ठेवलेल्या पाकिटाच्या वरच्या कडेशी किंवा खोक्याच्या झाकणाशी काम करतात. मोजायची ती उंची तिथली.

हिशोब प्रत्यक्ष करून पाहा. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर, उभे राहून दंड शरीरालगत ठेवला असता, जमिनीपासून साधारण ९६ सेंटिमीटरवर येते. उभ्या माणसाच्या कोपराची उंची एकूण उंचीच्या सुमारे ६३ टक्के असते. बाजारात तयार मिळणारे स्टीलचे टेबल बहुधा ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ते तिच्यासाठी योग्य वाटते. आता त्या टेबलावर १० सेंटिमीटर उंचीचा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवा आणि काट्यावर २२ सेंटिमीटर उंचीचे पाउच उभे करा. पाउचचे तोंड जमिनीपासून ११७ सेंटिमीटरवर गेले, म्हणजे कोपरापेक्षा २१ सेंटिमीटर वर. मालाने भरलेला डाव तिथे रिकामा करण्यासाठी तिला प्रत्येक वेळी खांदा उचलावा लागतो आणि कोपर बाहेर काढावे लागते. दिवसभर उचललेला खांदा संध्याकाळी दुखला, तर त्यात वयाचा काहीच संबंध नाही.

यावर उपाय म्हणजे भरण्याच्या जागेसाठी वेगळा, बुटका पाट करणे. वरच्या उदाहरणात पाउचचे तोंड ९५ सेंटिमीटरच्या आत हवे असेल, तर काटा ठेवायचा पृष्ठभाग ६० ते ६३ सेंटिमीटरवर असायला हवा. मोठ्या टेबलाच्या कडेला जोडलेला, काट्याच्या मापाचा, खाली उतरवलेला स्टीलचा कप्पा स्थानिक फॅब्रिकेटर सहज करून देतो. तो करून घेताना कोपरे गोलाकार ठेवायला, जोडाच्या जागा वेल्डिंग करून घासून गुळगुळीत करायला आणि काट्याखाली सांडलेला माल पुसता येईल एवढी मोकळी जागा सोडायला सांगावे. अन्न हाताळणाऱ्या जागेतील पृष्ठभाग न शोषणारे आणि सहज स्वच्छ होणारे असावेत, ही अन्न परवाना व नोंदणीविषयक २०११ च्या विनियमांतील अनुसूची ४ ची अपेक्षा आहे. म्हणून लाकडी फळ्या, विटा, पुठ्ठे किंवा गोणपाटाच्या घड्या लावून उंची साधण्याचा मोह टाळावा. जो उपाय धुता येत नाही, तो खाद्य कारखान्यात उपाय ठरत नाही.

खोके भरण्याच्या टेबलालाही हाच हिशोब लागू होतो. ३० सेंटिमीटर उंचीचे खोके ८५ सेंटिमीटरच्या टेबलावर ठेवले की चिकटपट्टी ११५ सेंटिमीटरवर लावावी लागते, आणि तेच खोके जमिनीवर ठेवले की कंबर काटकोनात वाकते. खोक्यांचे टेबल ५५ ते ६० सेंटिमीटरचे असावे. दाब देऊन चालवायच्या हँड सीलरचे टेबल त्याहून थोडे उंच, साधारण ७० सेंटिमीटरचे पुरते, कारण उघड्या दांड्याचे टोक यंत्राच्या तळापासून बरेच वर असते आणि दाब खालच्या दिशेने, शरीराच्या वजनाची मदत घेऊन द्यायचा असतो. ही मापे दिलेल्या उदाहरणापुरती आहेत. आपल्या गाळ्यातील कोपरांची उंची आपणच मोजावी. पॅकिंगमधील सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच व्यक्तीच्या कोपरांत बहुधा १० सेंटिमीटरच्या आसपास फरक आढळतो आणि तेवढ्यासाठी दोन उंचींच्या जागा पुरतात. पायांना दर ५ सेंटिमीटरवर छिद्रे असलेली टेबले करून घेता आली तर फारच चांगले. टेबल खाली आणणे शक्यच नसेल, तर बुटक्या व्यक्तीसाठी उभे राहण्याचा चौथरा द्यावा, पण तो दोन्ही पाय हलवून उभे राहता येईल इतका लांबरुंद, न घसरणारा आणि कडेला पिवळा पट्टा मारलेला असावा. पायाखालचे एक छोटे स्टूल म्हणजे पडण्याला निमंत्रण आहे.

हाताच्या आवाक्यातील मांडणी

कामगाराला तिच्या नेहमीच्या जागी उभे करून, कोपर अंगालगत ठेवून, दोन्ही हातांनी टेबलावर खडूने अर्धवर्तुळे काढायला सांगावीत. या आतल्या अर्धवर्तुळात प्रत्येक पाकिटासाठी लागणाऱ्या वस्तू आल्या पाहिजेत : मालाचा टब, काटा, रिकामी पाउच आणि सीलरची जागा. मग हात पूर्ण लांबवून बाहेरचे अर्धवर्तुळ काढावे. त्यात स्टिकरचा रोल, हातमोज्यांचे खोके अशा अधूनमधून लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. त्याबाहेर काहीच असू नये. हा प्रयोग केल्यावर बहुतेक ठिकाणी असे दिसते की मालाचा टब बाहेरच्या रेषेच्याही पलीकडे आहे, कारण तो भरणाऱ्या हेल्परला तिकडून ओतणे सोयीचे पडते. हेल्पर तासाला दोनदा ओततो आणि ताई तासाला अडीचशे वेळा हात लांबवतात. सोय कोणाची पाहायची हे त्यावरून ठरवावे.

काम एका दिशेने सरकले पाहिजे. टब, काटा, सीलर आणि कॅरेट हा क्रम डावीकडून उजवीकडे असो वा उलट, भरलेले पाकीट ठेवण्यासाठी कंबरेतून मागे वळावे लागता कामा नये. पाठीमागे जमिनीवर ठेवलेले कॅरेट हे पॅकिंग विभागातील कंबरदुखीचे फार मोठे कारण आहे, कारण तिथे वाकणे आणि पीळ पडणे एकाच वेळी घडते. कॅरेट बाजूला, टेबलापेक्षा थोड्या खालच्या घोडीवर ठेवावे.

टब खोल नसावा. पिंपाच्या तळाशी गेलेला चिवडा काढताना माणूस कंबरेपासून आत झुकतो. २५ ते ३० सेंटिमीटर खोलीचा उथळ टब कामगाराच्या बाजूला किंचित कललेल्या स्टँडवर ठेवला आणि तो वारंवार भरला, तर मनगट सरळ ठेवून माल काढता येतो.

मनगट आणि अंगठा

या कामातील सर्वांत नाजूक अवयव अंगठ्याचा सांधा आहे, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चिमटीत पकडण्याची ताकद पूर्ण मुठीच्या ताकदीच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच असते, तरीही पाउच उघडणे, त्याचे तोंड धरून ठेवणे, स्टिकरचा कोपरा नखाने सोडवणे आणि वजन जुळवण्यासाठी चिमूटभर माल काढणे-घालणे ही सगळी कामे चिमटीनेच होतात. म्हणून एकेक चिमूट वाचवण्याचा विचार करावा.

पाउच हातात धरून भरण्याऐवजी स्टँडवर बसवलेल्या रुंद नरसाळ्याखाली ते अडकवावे. डावा हात मोकळा होतो आणि माल सांडतही नाही. ज्या वजनाचे पाकीट, त्याच मापाचा डाव असावा. २०० ग्रॅम चिवड्यासाठी एकाच भरीत जवळपास २०० ग्रॅम येणारा डाव करून घेतला, तर तीन-चार फेऱ्यांऐवजी एक फेरी आणि किरकोळ दुरुस्ती पुरते. डावाची मूठ ३ ते ४ सेंटिमीटर जाड, गोल आणि न घसरणारी हवी. पातळ पत्र्याची कडा तळहातात रुतते आणि ती सुटू नये म्हणून बोटे गरजेपेक्षा जास्त आवळली जातात. लेबल नेहमी रिकाम्या, सपाट पाउचवर लावावे, कारण भरलेल्या फुगीर पाकिटावर ते चिकटवताना दोन्ही अंगठ्यांनी दाबावे लागते. बॅच आणि तारखेचा शिक्काही आधी मारता येतो, फक्त त्या बॅचला लागतील तेवढीच पाउच मोजून घ्यावीत आणि उरलेली नष्ट करावीत. स्टिकर सोडवून देणारा साधा डिस्पेन्सर आणि चिकटपट्टीची हातात धरायची गन ही अल्प खर्चाची साधने आहेत. दाताने किंवा नखाने पट्टी तोडणे हे आरोग्याच्या आणि स्वच्छतेच्या दोन्ही दृष्टींनी बंद व्हायला हवे.

हातमोज्यांच्या मापाकडे आवर्जून लक्ष द्यावे. एकाच मोठ्या मापाचे मोजे सर्वांना दिले की लहान हातांच्या बोटांपुढे रिकामे प्लॅस्टिक लोंबते, पकड सुटते आणि ती भरून काढण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो. निदान दोन मापांचे मोजे ठेवावेत.

सीलरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : दिवसाला काहीशे पाकिटांपर्यंत हँड सीलर चालतो, त्यापुढे तो हातावर अन्याय करतो. पायाने चालवायचा सीलर हाताला आराम देतो, पण त्यात वेगळा धोका असतो. पॅडल एकाच पायाने दाबले जाते आणि सगळे शरीर दिवसभर दुसऱ्या पायावर तोललेले राहते, त्यामुळे गुडघा आणि कंबर एकाच बाजूने दुखू लागते. पॅडलची पट्टी दोन्ही पायांना आळीपाळीने पोहोचेल इतकी रुंद करून घ्यावी, स्प्रिंग गरजेपेक्षा घट्ट नाही ना ते पाहावे, आणि शक्य असल्यास उंच स्टुलावर टेकून ते चालवता येईल अशी मांडणी करावी. बँड सीलरमध्ये, म्हणजे फिरत्या पट्ट्यातून पाकीट सरकवून सील करणाऱ्या यंत्रात, दाबणे पूर्णपणे संपते, आणि पॅकिंग विभागात एकाच यंत्रावर पैसे घालायचे असतील तर ते मी याच यंत्रावर घालीन. मात्र त्याचा पट्टा जितका वेगाने फिरेल तितक्या वेगाने माणसाने पुरवठा करावा असा अर्थ लावू नये. वेग कामगारांना विचारून ठरवावा आणि पट्ट्याची उंची कोपराशी जुळवावी.

उभे राहणे, बसणे आणि जमिनीवर बसणे

कळवा, मुंब्रा, दिवा किंवा ऐरोलीहून येणारी कामगार स्त्री कामावर पोहोचण्याआधीच बराच वेळ लोकलमध्ये किंवा बसमध्ये उभी असते आणि घरी गेल्यावर ओट्यापाशी पुन्हा उभी राहते. तिच्या उभे राहण्याचा हिशोब आठ तासांवर संपत नाही. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा विसावता यावे म्हणून बसण्याची योग्य सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये लिहिले गेले होते. बसायला मिळाले तर काम मंदावेल या समजुतीने आजही अनेक गाळ्यांत एकही स्टूल आढळत नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

सर्वांत चांगली पद्धत आलटून-पालटून बसण्या-उभे राहण्याची आहे. टेबल उभ्याच्या उंचीचे ठेवून उंच स्टूल द्यावे, त्याला पाय टेकायची कडी असावी आणि टेबलाखाली गुडघे जातील अशी मोकळी जागा असावी. टेबलाखाली रिकामी खोकी साठवली की स्टूल असूनही कोणी बसू शकत नाही. सतत उभे राहणे अपरिहार्य असेल तिथे १० ते १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी पायाशी द्यावी, म्हणजे एक पाय आळीपाळीने वर ठेवता येतो आणि कंबरेवरचा ताण हलका होतो. धुता येणारी रबरी चटई काँक्रीटच्या लादीवर बराच फरक पाडते.

जमिनीवर मांडी घालून काम करण्याची आपल्याकडे सवय आहे आणि घरगुती प्रमाणावर ती चालूनही जाते. कारखान्यात मात्र मी तिची शिफारस करणार नाही. बसलेल्या माणसाला प्रत्येक वस्तूसाठी पुढे झुकावे आणि बाजूला वळावे लागते, भरलेले कॅरेट घेऊन जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर व कंबरेवर एकदम भार येतो, आणि अन्न जमिनीच्या पातळीवर हाताळणे स्वच्छतेच्या दृष्टीनेही योग्य नाही.

ओझे : गोणी, खोकी आणि पोटमाळा

वाशीच्या बाजारातून येणारी साखरेची किंवा बेसनाची ५० किलोची गोणी गाळ्यात उतरते तेव्हा ती उचलणारा माथाडी कामगार सरावलेला असतो. तीच गोणी नंतर आत सरकवणारे कारखान्यातले दोन जण तसे नसतात. व्यापाऱ्याकडे २५ किंवा ३० किलोच्या भरतीची मागणी करावी. अनेक मालांत ती मिळते.

पण पॅकिंग विभागात खरा प्रश्न एका मोठ्या ओझ्यापेक्षा वारंवार उचलल्या जाणाऱ्या मध्यम खोक्यांचा आहे. अमेरिकेतील नायॉश (NIOSH) या कामगारांची सुरक्षा व आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले एक सूत्र त्यासाठी उपयोगी पडते. सर्व परिस्थिती आदर्श असेल तर २३ किलो ही मर्यादा धरायची आणि परिस्थिती बिघडेल तसा तो आकडा कमी करत जायचा, असे त्याचे स्वरूप आहे. समजा, दिवसभर मिनिटाला एक खोके उचलायचे आहे. खोके जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर आहे, हात घोट्यांपासून ५० सेंटिमीटर पुढे न्यावे लागतात, ते ६० सेंटिमीटर वर उचलायचे आहे आणि ४५ अंशांत वळावे लागते. या सूत्राने शिफारस केलेले वजन जेमतेम ५ किलो येते. आता तेच खोके ७५ सेंटिमीटरच्या घोडीवर ठेवा, शरीरापासूनचे अंतर ३० सेंटिमीटरवर आणा, वळणे बंद करा आणि उचलण्याची उंची २५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. शिफारस केलेले वजन १४ किलोंच्या पुढे जाते. माणूस तोच, खोके तेच, वेगही तोच. फक्त जागा बदलल्याने मर्यादा पावणेतीनपट झाली. या हिशोबानंतर १० किलोचे मास्टर खोके (अनेक पाकिटे मावणारे बाहेरचे मोठे खोके) जमिनीवर रचणे कोणालाही परवडू नये.

म्हणून खोक्यांची पहिली रांग कधीही थेट जमिनीवर लावू नये. अन्नपदार्थ जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवायचेच असतात, त्यासाठी वापरायच्या प्लॅस्टिकच्या पॅलेटखाली आणखी दोन-तीन रिकामे पॅलेट घातले की खालच्या थरासाठी वाकणे बरेच कमी होते. थप्पी खांद्याच्या वर नेऊ नये. गाळ्याच्या दाराशी असलेल्या उंबरठ्यावर पत्र्याचा उतार बसवला, तर ट्रॉली थेट लिफ्टपर्यंत आणि पुढे टेम्पोच्या फाळक्यापर्यंत जाते. त्या दोन इंचांच्या उंचवट्यामुळे अनेक ठिकाणी ट्रॉली असूनही खोकी हातांनी वाहिली जातात.

पोटमाळ्याबद्दल तडजोड करू नये. गाळ्यातील जागा महाग आहे हे खरे, पण शिडीवरून एका हाताने खोके आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून उतरणे हे जिवावरचे काम आहे. पोटमाळ्यावर रिकामे पाउच, सपाट खोकी अशा हलक्या वस्तू ठेवाव्यात आणि त्या दोरीच्या पिशवीतून किंवा छोट्या हॉइस्टने खाली घ्याव्यात. भरलेला माल वर चढवूच नये.

उजेड, उष्णता आणि पाणी

तारीख व बॅच वाचता येण्यासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड हवा. तो कमी असला की मान आपोआप पुढे झुकते. दिवा डोक्याच्या मागे नको, नाहीतर स्वतःचीच सावली कामावर पडते. तळणीची कढई आणि पॅकिंग यांच्यामध्ये आडोसा असावा आणि गरम हवा बाहेर टाकणारा पंखा तळणीच्या बाजूला बसवावा. टेबलावर थेट पंखा सोडला की मसाल्याची भुकटी उडते, म्हणून वारा अंगावर येईल पण पृष्ठभागावर येणार नाही असा कोन साधावा. औद्योगिक इमारतीतील सामाईक स्वच्छतागृह लांब किंवा अस्वच्छ असेल तर स्त्रिया दिवसभर पाणी पिणेच टाळतात. थकवा आणि पेटके यांची चौकशी करताना हा प्रश्न अवश्य विचारावा.

वेग, विश्रांती आणि दिवाळीचा हंगाम

जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त विश्रांती देणे म्हणजे उत्पादन गमावणे, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील एका मांसप्रक्रिया कारखान्यात दिवसाला एकूण ३६ मिनिटांच्या जादा विश्रांती देऊन केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात उत्पादनावर विपरीत परिणाम आढळला नाही. पॅकिंगमध्ये दर तासाला चार-पाच मिनिटे हात खाली सोडून चालणे, बोटे उघडणे-मिटणे आणि खांदे मागे फिरवणे एवढे पुरते. नगावर मजुरी दिली जात असेल तर ही विश्रांती कोणीही घेणार नाही, कारण थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला कामगाराचे पैसे बुडतात. अशा वेळी विश्रांतीचा मोबदला दरात धरावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे दिवसाची मजुरी द्यावी.

कामाची अदलाबदल दर दोन तासांनी करावी, पण ती खरोखर वेगळ्या स्नायूंचे काम देणारी असावी. भरण्यावरून हँड सीलरवर जाणे ही अदलाबदल होत नाही. दोन्हीकडे तेच मनगट राबते. भरण्यावरून खोकी उघडून तळ जोडण्यावर, तिथून बसून पाकिटे तपासण्यावर असा फेर ठेवावा.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि तेव्हाच ऑक्टोबरचा उकाडा, जादा तास आणि नवखे हात एकत्र येतात. भाजणीची पिठे, मसाले अशा टिकणाऱ्या मालाची पाकिटे आणि सर्व मालाची लेबले आधीच उरकून घ्यावीत, म्हणजे शेवटच्या दिवसांत फक्त ताजा माल भरायचा राहतो. नव्या कामगाराला पहिल्या दिवसापासून जुन्यांच्या वेगाला जुंपू नये. पहिला आठवडा निम्म्या वेगाने आणि दुसरा त्याहून थोडा जास्त वेगाने गेला, तर स्नायूंना सवय होते आणि ती व्यक्ती हंगामाच्या मध्यात हात बांधून घरी बसत नाही.

दुखणे आधीच ओळखा

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे आणि सकाळी पकड ढिली वाटणे ही मनगटातील नस दाबली जात असल्याची लक्षणे असू शकतात. अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ येणे, आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवल्यावर ती तीव्र होणे, हे अंगठ्याच्या कंडरांना सूज आल्याचे सूचित करते. हात खांद्याच्या वर नेताना दुखणे, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दाबल्यावर दुखणे, कंबरेतून पायात कळ उतरणे याही खुणा गंभीरपणे घ्याव्यात. गरोदरपण, मधुमेह आणि थायरॉइडचे विकार असताना मनगटाची नस लवकर दाबली जाते, म्हणून अशा स्त्रियांना सीलर आणि डाव यांवरील काम आधीच कमी द्यावे. दुखणे एका रात्रीच्या झोपेने जात असेल तोवर मांडणी बदलून ते थांबवता येते. सुट्टीच्या दिवशीही ते राहू लागले की डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर त्याच्या दवाखान्यात जाताना आपण हाताने नेमके कोणते काम किती तास करतो हे सांगावे, कारण केवळ "हात दुखतो" एवढ्यावर वेदनाशामक गोळी मिळते आणि कारण तसेच राहते.

कामावर बाम लावून किंवा मनगटाला पट्टा बांधून तेच काम चालू ठेवू देऊ नये. पट्टा बांधलेले मनगट वाकत नाही, त्यामुळे तीच हालचाल खांद्यातून होऊ लागते आणि दुसरे दुखणे सुरू होते. उपचारानंतर परतलेल्या कामगाराला पहिले दोन आठवडे तपासणी, मोजणी किंवा खोकी जोडण्याचे काम पूर्ण मजुरीवर द्यावे, मग रोज दोन तास भरण्याचे काम देऊन दर आठवड्याला ते वाढवावे, आणि तिला परत त्या टेबलापाशी उभे करण्यापूर्वी तिच्या कोपराची उंची व तिथल्या पाकिटाच्या तोंडाची उंची मोजून घ्यावी.